लघवीची पिशवी हाही उपचाराचाच भाग

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच वेळी सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडाले होते, रस्ते बंद होते आणि बचावपथके गावात पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. दोन वर्षांनी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर तोच घाला आला. आता अतिवृष्टीचा इशारा आला की डोंगरउतारावरच्या लोकांना घर सोडायला सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण महाड-पोलादपूरच्या वाड्यांत कमावती पिढी बरीचशी मुंबईत. मागे उरतात म्हातारी माणसे. प्रोस्टेट वाढून लघवी तुंबलेले, मणक्याला मार लागून कमरेखालचा भाग गेलेले, पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले असे काही जण कॅथेटर, म्हणजे मूत्राशयात बसवलेली नळी, घेऊनच रुग्णालयातून घरी येतात. ‘ताबडतोब निघा’ हा हुकूम त्यांनाही लागू असतो. पायाला बांधायची लघवीची पिशवी आणि ती सांभाळायचे शिक्षण हा उपचाराचाच भाग मानावा आणि तो पुरा केल्याशिवाय रुग्णाला घरी सोडू नये, असे माझे मत आहे.

आपल्याकडे रुग्णाच्या हाती बहुधा दोन लिटरची मोठी पिशवी पडते. ती खाटेला टांगण्यासाठी आहे. ती घेऊन चालायचे तर एक हात अडकतो, आणि चढउताराच्या पायवाटेवर दोन्ही हात लागतात. रुग्णाला डोलीतून किंवा पाठीवरून न्यायचे झाले तर पिशवी त्याच्या पोटावर ठेवायचा मोह होतो. नेमके तेच करायचे नसते. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखालीच हवी. वर गेली की साचलेली लघवी आत परतू शकते किंवा लघवीचा निचरा थांबतो. मांडीला किंवा पोटरीला पट्ट्यांनी बांधायची पिशवी साधारण ५०० ते ७५० मिलिलिटरची असते आणि लुंगीखाली, पायजम्यात, लुगड्याखाली कुणाला दिसतही नाही. लोकलाजेने घराबाहेर पडणेच सोडलेल्या माणसाला हे शेवटचे कारण सर्वांत मोठे वाटेल. रात्री तिच्याच खालच्या तोटीला मोठी पिशवी जोडता येते, म्हणजे कॅथेटरचा सांधा उघडावा लागत नाही.

सांधा न उघडण्याला एवढे महत्त्व आहे, कारण जंतूंना शिरायला तीही एक वाट आहे. नळी आत असताना रोज साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू येतात आणि महिनाभरात ते जवळजवळ सगळ्यांच्याच लघवीत सापडतात. म्हणून ताप, थंडी असे काही नसताना केवळ तपासणीत जंतू दिसले म्हणून प्रतिजैविके घेत राहण्यात अर्थ नाही, स्वच्छतेत आहे. पिशवी अर्धी-पाऊण भरली की रिकामी करावी, आधी आणि नंतर साबणाने हात धुवावेत, तोटी जमिनीला टेकू देऊ नये, नळीला पीळ पडू देऊ नये, पट्टा रुतेल इतका आवळू नये. पायाची पिशवी साधारण आठवड्याने बदलावी. लघवी थांबून ओटीपोटात कळ आली, तापाने हुडहुडी भरली, लघवीत रक्त उतरू लागले तर वाट पाहू नये. मणक्याच्या वरच्या भागाला इजा झालेल्या माणसाला नळी तुंबल्याने एकाएकी डोके ठणकून घाम फुटला, तर रक्तदाब जिवावर बेतण्याइतका चढलेला असू शकतो. आणि नळी कधीही ओढून काढू नये. आत पाण्याने फुगवलेला फुगा असतो. हे सगळे शिकवायला अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास देणे कुणाचे काम, हे मात्र कुठेच ठरलेले नसते.

यावर डॉक्टर म्हणतील, खरा प्रश्न पिशवीचा नाही, नळीच अनेकदा गरजेपेक्षा जास्त दिवस राहते. बरोबर आहे. शक्य त्याला ठरावीक वेळाने स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामे करून घ्यायला शिकवणे केव्हाही चांगले. पण ज्याला नळीवाचून गत्यंतर नाही, त्याच्याबाबत या युक्तिवादाने काहीच सुटत नाही. दुसरा आक्षेप पैशांचा आणि मनुष्यबळाचा. आशाताईंच्या डोक्यावर आधीच ढीगभर कामे आहेत, त्यांत हे टाकू नये. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे ते द्यावे. ब्रिटनमध्ये अशा पिशव्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सरकारी आरोग्यसेवेतून मिळतात. आपल्याला तेवढे लगेच जमणार नाही, हे मान्य. पण जंतुसंसर्ग झालेल्या एका माणसाला महाडहून अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात हलवण्याचा खर्च मांडून पाहा. एकच पिशवी महिनोन्‌महिने वापरणारे घर निष्काळजी असतेच असे नाही, बहुधा त्याच्याजवळ दुसरी नसते.

कायद्याचा आधारही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ८ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवायची आहे आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोचवायची आहे. प्रोस्टेटचा रुग्ण कागदोपत्री दिव्यांग नसतो, असे कुणी म्हणेल. पण यादी वाढवायला कायदा आड येत नाही. रायगडच्या प्राधिकरणाने येत्या जूनपूर्वी या नोंदीत कॅथेटरचा एक रकाना वाढवावा, आणि ज्यांची नावे त्यात येतील त्यांच्या घरी पायाच्या दोन जादा पिशव्या आणि मराठीत छापलेले एक पानभर सूचनापत्रक पावसाआधी पोचते करावे.