बैल वाट ओळखायचे, ट्रॅक्टर ओळखत नाही



गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या रस्त्यावर रात्रंदिवस उसाची वाहने धावतात. रस्ता खराब, ट्रेलरला मागे दिवा नाही, या तक्रारी आपण दरसाल करतो आणि त्या रास्तच आहेत. पण स्टेअरिंगवर बसलेल्याचे वय किती, हा प्रश्न कोणी काढत नाही. काढला तर घरात भांडण होते. म्हणून तो मी माझ्यापासूनच काढतो.

माझे वय ७१. गेल्या हंगामात तिन्हीसांजेला ट्रॅक्टर घेऊन येताना फाट्यावर उजवीकडे वळलो. समोरून येणारी जीप पाहिली, तिला जाऊ दिले. तिच्या मागची मोटारसायकल मात्र दिसलीच नाही. पोराने करकचून ब्रेक मारला म्हणून निभावले. "आबा, बघताय कुठं?" म्हणाला आणि गेला. मी तर रस्त्याकडेच बघत होतो!

डोळ्यांनी दिसणे वेगळे आणि दिसलेले ध्यानात येणे वेगळे. वयाबरोबर मेंदूचा वेग मंदावतो. एका वेळी दोन-तीन गोष्टींवर लक्ष ठेवणे जड जाते, कडेचे टिपणे कमी होते. समोरच्या दिव्याने डोळे दिपले तर सावरायला जास्त वेळ लागतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने वाहन एका सेकंदात ११ मीटर जाते. ब्रेकवर पाय जायला अर्धा सेकंद उशीर झाला तरी साडेपाच मीटर गेले. तेवढ्यात माणूस जातो किंवा वाचतो.

फसगत अशी की गियर टाकणे, सरळ तास ओढणे हे हात विसरत नाहीत. जुनी सवय टिकते, अचानक प्रसंगाला लागणारी चपळाई जाते. म्हणून वाटते, आपण होतो तसेच आहोत. पूर्वी गाडीवान डुलकी काढायचा आणि बैल बरोबर घरी आणायचे. निम्मे ध्यान बैलांचे होते. ट्रॅक्टरला ते कुठले?

कोणी म्हणेल, मोबाइल कानाला लावून ट्रॅक्टर पळवणारी तरणी पोरे काय कमी धोक्याची? कबूल. शिवाय पंच्याहत्तरीचा एखादा पंचावन्नच्या माणसापेक्षा सावध असतो. म्हणून वयावरून सरसकट बंदी मला मान्य नाही. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर पंचावन्न वर्षांपुढच्या माणसाला लायसन पाच-पाच वर्षांचेच मिळते. पण पाच वर्षांत पुष्कळ पाणी वाहून जाते. मधली राखण घरच्यांनीच करायची.

जपानात २००९ पासून ७५ वर्षांवरील चालकाला लायसनच्या नूतनीकरणाआधी स्मरणशक्तीची चाचणी द्यावी लागते. आपखुशीने लायसन परत करणाऱ्याला तिथे एक दाखला मिळतो आणि तो दाखवला की पुष्कळ ठिकाणी बस-टॅक्सीच्या भाड्यात सवलत मिळते. यातले घेण्यासारखे हेच, की सोडायला लावताना माणसाचा मान राखला. आपल्याकडे पोरगा किल्ली लपवतो आणि म्हातारा ओसरीवर अडकून पडतो.

तेव्हा पोरांनो, आधी शेजारी बसून बघा. ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, ब्रेकच्या जागी अॅक्सिलरेटर दाबणे, ट्रेलरला नवे ओरखडे, ही लक्षणे दिसली तर डॉक्टरकडे न्या. मोतीबिंदू असेल, गुंगी आणणारी गोळी असेल. त्यावर इलाज आहे. मग एकेक सोडवा: आधी रात्र, मग दोन ट्रेलरची वाहतूक, मग हमरस्ता. आणि बाजार, दवाखाना, कारखान्याची सभा, इथे न्यायची जबाबदारी तुमची.

मी सूर्य मावळल्यावर स्टेअरिंग नातवाला दिले आहे. यंदा वार्षिक सभेला त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आलो. कमीपणा वाटला नाही असे म्हणणार नाही. पण फाट्यावरच्या त्या पोराचे आईबाप डोळ्यांपुढे आणले आणि गप बसलो.

— एक ऊस उत्पादक सभासद