डीजे निघाला टूरला

माझा एक मित्र पुण्यात असताना विसर्जनाच्या डीजेविरुद्ध वर्तमानपत्रांना पत्रं लिहायचा. 'ध्वनिप्रदूषण' हा शब्द मी पहिल्यांदा त्याच्याच तोंडून ऐकला. आता तो टेक्सासात असतो, हार्ली-डेव्हिडसनची स्ट्रीट ग्लाइड चालवतो, आणि त्याने तिच्यावर डीजे बसवलाय.

तक्रार काय, तर कंपनीच्या स्पीकरची पिपाणी वाजते. वाजते, मान्य. पण का वाजते, याचा पंचनामा करू या. महाशयांनी आधी कंपनीचा सायलेन्सर काढून बोंब मारणारा पाइप लावला. मग उंच काच काढून वीतभर तुकडा बसवला, कारण उंच काच म्हणे म्हाताऱ्यांची. 65 मैलांच्या वेगात हेल्मेटच्या आत नुसता वाराच 90 डेसिबलच्या पुढे जातो. म्हणजे आधी पदरचे डॉलर मोजून गोंगाट घ्यायचा, मग त्याला हरवायला पुन्हा डॉलर मोजायचे!

बरं, डेसिबल हा प्राणी लघुगणकाच्या घरात वाढलेला. वॉट दुप्पट केले तर आवाज वाढतो 3 डेसिबल. कानाला जेमतेम कळतं. आवाज दुप्पट वाटायला वॉट दहापट लागतात. त्याच्या गाडीतला कंपनीचा रेडिओ एका चॅनेलला पंचवीसेक वॉट देतो. करा हिशेब. त्याने केला नाही. त्याने ॲम्प्लिफायर घेतला.

नवे स्पीकर बसले आणि आवाज आणखीच फुसका! कारण रेडिओच्या मेंदूत कंपनीने शहाणपण घालून ठेवलंय: आवाज वाढेल तसा बेस छाटायचा, म्हणजे मूळचे स्वस्त स्पीकर फाटत नाहीत. ते शहाणपण काढायला शोरूममध्ये जाऊन 'फ्लॅश' मारून घ्यायचा. फ्लॅश मारणाऱ्याचा चेहरा श्राद्धाला आलेल्या भटजींसारखा. गांभीर्य पूर्ण, दक्षिणा आधीच ठरलेली.

एवढ्यावर भागलं असतं तर हा लेख कशाला लिहिला असता? मागच्या दोन्ही पेट्यांची झाकणं कापून त्यात सहा बाय नऊचे अंडाकृती स्पीकर आले. मी एक झाकण उघडून पाहिलं. आत वाटीएवढं लोहचुंबक लोंबतंय, खाली ॲम्प्लिफायर, भोवती वायरींचा शेवयांसारखा गुंता. कपडे कुठे? कपडे काळ्या कचऱ्याच्या पिशवीत, मागच्या सीटवर दोरीने आवळलेले. हिला म्हणायचं टूरिंग मोटरसायकल! बिऱ्हाड उघड्यावर आणि वाजंत्री माडीवर.

आणि ऐकतो काय? भीमसेनांची तोडी! ऑस्टिनहून फ्रेडरिक्सबर्गला निघालो, 290 नंबरच्या रस्त्याने. पुढे तो, मागे मी. विलंबितातला अख्खा आलाप वाऱ्याने नेला. माझ्यापर्यंत पोचला तो अधूनमधून एखादा 'धा', तोही ट्रकच्या हॉर्नात कालवलेला. हेल्मेटमध्ये कानाशी बसणारे दोन चपटे स्पीकर हेच काम चिमूटभर विजेत करतात. पण मग ते लोकांना कसं ऐकू जाणार? तुमच्या आलंच असेल लक्षात.

सिग्नलला थांबलो. वारा थांबला, तोडी प्रकटली. शेजारच्या गाडीतल्या बाईंनी काच वर केली. मित्राचा चेहरा उजळला. बाईंच्या दृष्टीने विसर्जनाची मिरवणूकच ती. फक्त गणपती नव्हता.

मग पाहिलं, तर स्वारीच्या दोन्ही कानांत फोमचे बोळे. कानांची काळजी घ्यायला हवी, हे तो पूर्वी पत्रांतही लिहायचा.

"काय रे, क्लिअर येतंय ना?" तो ओरडला.

मी हो म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही.