कमाल उंचीच्या आकड्यावर विसंबू नका

सेस्ना १७२ एस या चार आसनी विमानाची कमाल उंची १४,००० फूट. एवढ्या आकड्यावर डोंगराळ भागातले उड्डाण आखणे धोक्याचे आहे. तो प्रमाणित हवामान गृहीत धरून काढलेला असतो आणि त्या उंचीवर विमान मिनिटाला जेमतेम १०० फूट वर चढते. अमेरिकेत कोलोराडोतील लेडव्हिलचा विमानतळ पाहा. तो समुद्रसपाटीपासून ९,९३४ फुटांवर आहे. तिथले प्रमाणित तापमान उणे ५ अंशांच्या आसपास. उन्हाळ्यात पारा २० अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाच्या लेखी ती धावपट्टी १३,००० फुटांच्या घरात पोहोचते. इंजिनाला प्राणवायू कमी, प्रोपेलर आणि पंखांना हवा कमी, धाव मात्र लांबलेली. जमीन सोडण्याआधीच विमान आपल्या मर्यादेजवळ उभे असते!

टर्बोचार्जर बसवला की प्रश्न मिटतो, असे कुणी म्हणेल. तो इंजिनाची ताकद टिकवतो, हे खरे. पण पंखांभोवतीची हवा दाट करत नाही आणि वैमानिकाच्या मेंदूला प्राणवायूही पुरवत नाही. अनुभवी वैमानिकाला हे कळते, हा आक्षेपही अपुरा आहे. विरळ हवा डोळ्यांना दिसत नाही, तिचे गणितच करावे लागते. म्हणून विमानचालन शिकवणाऱ्या संस्थांनी कमाल उंचीच्या आधी हे तापमानाचे गणित पक्के करून घ्यावे, आणि ते जुळत नसेल तर वैमानिकांनी वजन कमी करावे किंवा पहाटेच्या गारव्यात निघावे.