आमच्या लाईटीवर चालेल असा ड्रायर दाखवा

शहापूरच्या बाजारपेठेत हेअर ड्रायर मागा, दुकानदार आधी खोकं पुढे सरकवतो. खोक्यावर एका गोऱ्या बाईचे उडणारे केस, 'प्रोफेशनल' हा शब्द, त्याखाली २००० वॉट, आणि १,९९९ खोडून पेनाने लिहिलेले ४९९. "ताई, डोळे झाकून घ्या, पार्लरवाल्या हाच नेतात." मी पार्लरवाली आहे. मी हा नेत नाही, माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना नेऊ देत नाही, आणि ज्यांनी नेला त्यांचं काय झालं ते मी पाहिलं आहे. एकीच्या ड्रायरची पिन बोर्डातच वितळून बसली. दुकानात परत नेला तर "बिल कुठंय?" म्हणून विचारलं. बिल दिलंच नव्हतं. ही सरळ लूट आहे. ती आमच्या तालुक्यांत राजरोस चालते, कारण गावाकडच्या बाईला यातलं काही कळत नाही हे त्या दुकानदाराने, त्याला माल पुरवणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याने आणि खोकं छापणाऱ्याने धरूनच ठेवलेलं आहे.

हे बोलायला गेलं की काही शहाणी माणसं मध्येच तोंड घालतात. खेड्यातल्या पोरींना ही थेरं हवीत कशाला? आमच्या आज्या काय ड्रायर वापरत होत्या? मला या प्रश्नाची चीड येते. किन्हवलीकडची मुलगी पहाटे अंधारात न्हाते, एसटी पकडून आसनगाव स्टेशन गाठते आणि लोकलच्या गर्दीत उभी राहून ठाण्याच्या दुकानात काउंटरवर जाते. मुरबाडला अजून रेल्वेच नाही, तिथली मुलगी कल्याणपर्यंत रस्त्याने हेलपाटे घालते. जुलै-ऑगस्टच्या पावसात वाळत घातलेली चादर तीन दिवस वाळत नाही, तिथे कमरेपर्यंतचे केस कसे वाळतील? ओल्या केसांची वेणी घालून ही मुलगी दिवसभर उभी राहते, आणि तिकडचा मॅनेजर तिला 'नीटनेटकं' राहायला सांगतो. टोकावडे, सरळगाव, डोळखांब या बाजूला घराच्या पुढच्या खोलीत आरसा लावून पार्लर चालवणाऱ्या मुली आहेत. त्यांच्यासाठी ड्रायर आणि स्ट्रेटनर ही हत्यारं आहेत. बचत गटातून कर्ज काढून घेतलेलं हत्यार ऐन लग्नसराईत जळतं तेव्हा हप्ता मात्र चालूच राहतो. थेरं म्हणणाऱ्यांनी तो हप्ता भरून दाखवावा.

आता वॉटकडे येते, कारण सगळी फसवणूक तिथून सुरू होते. वॉट जास्त म्हणजे माल भारी, हे दुकानदाराने लोकांच्या डोक्यात पक्कं बसवलंय. ४९९ च्या त्या २००० वॉटवाल्या ड्रायरला दुरुस्तीवाल्याकडे मीटर लावा. मी लावायला लावलं, तेव्हा तो हजार वॉटसुद्धा ओढत नव्हता. पण समजा तो खरोखर २००० वॉटचा असता, तरी काय? २३० व्होल्टला २००० वॉट म्हणजे जवळजवळ ८.७ अँपिअर. घरात टीव्हीला, मोबाईलच्या चार्जरला असतो तो लहान पिनचा सॉकेट ६ अँपिअरचा. त्यात असा ड्रायर लावायचा म्हणजे सॉकेट, आतली तार आणि बोर्ड तिन्ही भाजून काढायचे. त्यातही बोर्डावरून एक्स्टेन्शन, एक्स्टेन्शनवरून ड्रायर, बाजूला फ्रिज. खोक्यावर यातलं एक अक्षर नसतं. १२०० वॉटचा ड्रायर ५.२ अँपिअर ओढतो, तो लहान सॉकेटमध्ये कसाबसा बसतो. त्याहून मोठा हवा असेल तर १६ अँपिअरचा मोठ्या पिनचा सॉकेट आणि त्याला वेगळी जाड तार हवी. शहरात स्वस्त ड्रायरच्या याद्या करणाऱ्यांच्या घरी हे सगळं आधीच असतं, म्हणून त्यांना ते सुचतसुद्धा नाही.

आणि २३० व्होल्ट येतात कुठे? शहापूर तालुक्यात चोंढ्याजवळ घाटघरच्या वीज प्रकल्पाचं खालचं धरण आहे. हा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर घाटमाथ्यावर चढवायचं, आणि संध्याकाळी महाराष्ट्राला विजेची गरज लागली की तेच पाणी खाली सोडून जनित्रं फिरवायची. भातसा धरणाच्या पायथ्याशीही वीजघर आहे. म्हणजे संध्याकाळची वीज राज्याला आमच्या डोंगरातून जाते, आणि त्याच संध्याकाळी त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर लाईट डिम होते, पंख्याची पाती मोजता येतात. हे सहन करण्यासारखं नाही आणि आम्ही ते सहन करतो.

डिम लाईटचा ड्रायरवर काय परिणाम होतो ते नीट समजून घ्या. कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ऐवजी १७० व्होल्ट आले तर १२०० वॉटचा ड्रायर साडेसहाशे वॉटवर येतो. चौथा हिस्सा व्होल्टेज गेलं की उष्णता जवळजवळ निम्मी जाते. पंख्याची मोटरही मंदावते. ती फारच मंदावली किंवा अडली तर कॉइलवरची उष्णता वाहून नेणारं कोणी उरत नाही, आतलं प्लॅस्टिक तापतं, जळका वास येतो. चांगल्या ड्रायरमध्ये अशा वेळी थर्मोस्टॅट वीज तोडतो आणि त्याच्याही मागे थर्मल फ्यूज असतो. ४९९ च्या मालात यातला एखादा नसतो, कधी दोन्ही नसतात. म्हणून आमच्याकडे ड्रायर पारखायचा तो हवेच्या जोरावर. गरमी मध्यम असली तरी चालेल, हवा भरपूर आणि एकसारखी हवी. १००० ते १२०० वॉट, दोन वेग, गार हवेचं बटण, लांब तार. आठशे ते बाराशे रुपयांत असा ड्रायर मिळतो. पाच जोडण्या, निळा दिवा, 'आयोनिक' ही अक्षरं यासाठी एक रुपया जास्त देऊ नका. डायसन कंपनीने २०१६ साली आणलेल्या त्या मधोमध भोक असलेल्या महागड्या ड्रायरसारखा दिसणारा माल हल्ली सहाशे रुपयांत दिसतो. त्यात फक्त भोक तेवढं सारखं असतं.

खिशात पाचशेच असतील तर? मग ड्रायर घेऊ नका. त्या पैशात वायरमनला बोलवा, एक मोठ्या पिनचा सॉकेट बसवून घ्या, अर्थिंग तपासून घ्या. ड्रायर दोन महिन्यांनी येईल. हा सल्ला एकाही दुकानदाराला आवडणार नाही, त्यात त्याला काही सुटत नाही.

स्ट्रेटनरची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे माझा राग जास्त आहे, कारण ड्रायर बिघडला तर पैसे जातात, स्ट्रेटनर चुकला तर केस जातात. विजेच्या बाबतीत तो बिचारा साधा असतो. एकदा तापला की साधारण पन्नास वॉटच्या आसपास चालतो, घरातल्या छोट्या इन्व्हर्टरवरसुद्धा. ड्रायर त्या इन्व्हर्टरवर लावायचा विचारही करू नका. स्ट्रेटनरमधला सिरॅमिक हीटर तापत जाईल तशी वीज कमी ओढतो, त्यामुळे डिम लाईटमध्येही तो हळूहळू का होईना तापतो. खरा घोळ तापमानाचा आहे. स्वस्तातल्या बहुतेक स्ट्रेटनरला चालू आणि बंद एवढंच बटण असतं आणि आतलं तापमान कायमचं दोनशे अंशांच्या पुढे ठेवलेलं असतं. केस केराटिन या प्रथिनाचे असतात आणि २२०-२३० अंशांच्या आसपास ते प्रथिनच मोडायला लागतं. नाजूक केसांना १५० अंश पुरतात, बहुतेकांचं काम १८० मध्ये होतं. मग ज्या यंत्राला तापमान कमी करताच येत नाही ते बारीक, विरळ, मेंदी लावून रुक्ष झालेल्या केसांवर का फिरवायचं? तापमान कमी-जास्त करता येत नसेल तर तो स्ट्रेटनर फुकटसुद्धा घेऊ नका. बाराशे-पंधराशेत तापमानाची सोय असलेला मिळतो. पट्ट्या दाबून उजेडासमोर धरा, मधून फट दिसली तर परत ठेवा. तापल्यावर पांढरा टिश्यू कागद पट्ट्यांत धरून बघा. कागद तपकिरी पडला तर तेच तुमच्या केसांचं होणार आहे.

आणि ओल्या केसांवर स्ट्रेटनर फिरवणाऱ्यांना तर मी हात जोडून सांगते. चर्र आवाज येतो ना, तो केसाच्या आतलं पाणी उकळल्याचा आवाज आहे. वाफेला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि केसाच्या आत बुडबुडे तयार होतात. डॉक्टर त्याला 'बबल हेअर' म्हणतात. असा केस तिथेच तुटतो आणि कुठल्याही तेलाने, सिरमने तो पुन्हा सांधत नाही. तेल लावलेल्या केसांवर पट्ट्या दाबणं म्हणजे केस तळणं. आधी न्हा, मग पूर्ण वाळवा, मगच स्ट्रेटनर हातात घ्या. वाळवताना ड्रायर वीतभर लांब धरा आणि हात सतत हलता ठेवा. कोरियातल्या संशोधकांनी २०११ साली छापलेल्या अभ्यासात १५ सेंटिमीटरवरून सतत हलवत वाळवलेल्या केसांचं आतून झालेलं नुकसान नुसत्या वाऱ्यावर बराच वेळ ओले राहिलेल्या केसांपेक्षा कमी निघालं होतं. ड्रायरने केस गळतात म्हणून आरडाओरडा करणाऱ्या मावश्यांनी हे ऐकावं.

पावसाळ्यात आणखी एक छळ. मुली तक्रार करतात की सकाळी सरळ केलेले केस वासिंद येईपर्यंत फुगतात, मग तापमान वाढवतात. तापमानाचा इथे काही संबंध नाही. उष्णतेने केसांतले हायड्रोजनचे बंध सुटतात आणि सरळ स्थितीत पुन्हा जुळतात. हवेतला ओलावा लागला की ते परत सुटतात. माळशेजचं धुकं आणि माहुलीवरचा पाऊस यांच्यापुढे २३० अंशही टिकत नाहीत, फक्त केस जळतात. जुलैमध्ये केस नीट वाळवा, बांधा आणि स्ट्रेटनर कपाटात ठेवा. पार्लरमध्ये आलेल्या बाईला हे सांगून परत पाठवलं तर त्या दिवसाचे पैसे बुडतात. मी पाठवते.

म्हसाच्या जत्रेत बैलाचं तोंड उघडून दात पाहिल्याशिवाय पैसे न देणारा बाप लेकीसाठी ड्रायर घेताना खोकंसुद्धा उघडत नाही. उघडा. दुकानातच लावून दाखवायला सांगा, पाच मिनिटं चालू ठेवा. जाळीतून आत बघा, कॉइल एकाच जागी लालभडक दिसता कामा नये. ड्रायरच्या अंगावर व्होल्ट, वॉट आणि चौकोनात चौकोन अशी खूण आहे का पाहा. ती खूण म्हणजे दुहेरी इन्सुलेशन, ती असेल तर दोन पिनचा प्लग चालतो. दोन पिनचा प्लग आहे आणि खूण नाही, तर तो ड्रायर ओल्या हातात जाऊ देऊ नका. खोक्यावर बनवणाऱ्याचा किंवा आयात करणाऱ्याचा पत्ता आणि तक्रारीचा नंबर छापलेला असायलाच हवा, पॅकबंद मालाच्या २०११ च्या नियमांनी ते सक्तीचं आहे. पत्ता नाही म्हणजे उद्या धरायला माणूसही नाही. आणि बिल घ्या. "बिलाला जीएसटी वेगळा लागेल" म्हणणाऱ्या दुकानदाराला तिथेच सांगा की एमआरपीत सगळे कर आधीच आलेत. पक्कं बिल असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्याने जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी तिथे फी लागत नाही. सातशे रुपयांसाठी कोण ठाण्याला जाणार, याच हिशोबावर त्यांचं दुकान चालतं. दहा बायकांनी तक्रार केली की तो हिशोब चुकायला लागेल.

सरकारी आणि खासगी पार्लर कोर्स चालवणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे. तुम्ही मुलींना फेशियलच्या पायऱ्या पाठ करून घेता, प्रमाणपत्र देता, फोटो काढता. यंत्राच्या अंगावरची व्होल्ट-वॉटची पट्टी वाचायला मात्र कोणी शिकवत नाही. ओल्या हातांनी दिवसभर विजेचं काम करणाऱ्या मुलीला अर्थिंग आणि लाईट तोडणाऱ्या आरसीसीबीबद्दल दोन तास शिकवायला काय जातं? तिच्या जिवाचा प्रश्न आहे हा.

आणि लाईटीचं. डिम लाईट हे नशीब नाही. व्होल्टेज किती असावं याची मर्यादा वीज नियामक आयोगाच्या नियमांत आहे आणि ती मोडली तर भरपाईची तरतूदही आहे. वायरमनकडून साधा मीटर घ्या, आठवडाभर रोज संध्याकाळी आकडा, तारीख आणि वेळ वहीत लिहा. महावितरणला १९१२ वर तक्रार करून तिचा क्रमांक घ्या, मग लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तरी हलले नाहीत तर कल्याणला ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, तिथे वकील लागत नाही. पाड्यावरच्या सगळ्या घरांनी एकाच अर्जावर सह्या केल्या तर उत्तमच. अर्ज लिहायला जमत नसेल तर सोमवारी माझं पार्लर बंद असतं, त्या दिवशी वही घेऊन या. मी बसून लिहून देईन.