काच अडली म्हणजे मोटर जळालीच, असे नाही

आपल्या घराघरांतून आज कोणी टॅक्सी चालवतो, कोणी शाळेची व्हॅन, तर कोणी मालकाच्या गाडीवर चालक आहे. काहींनी हप्त्यावर स्वतःची गाडी घेतली आहे. अशा घरात गाडी ही चैनीची वस्तू नसते. चूल तिच्यावर पेटते. भर पावसात चालकाच्या बाजूची काच अर्ध्यावर अडली, तर त्या दिवसाचा धंदा बुडतो. रात्री गाडी उघडी ठेवावी लागते ती चिंता वेगळीच. म्हणून या वेळी आम्ही या सदरात दरवाजाच्या काचेची मोटर कशी तपासावी आणि कशी बदलावी, हे सांगणार आहोत.

पूर्वी हा प्रश्न नव्हता. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी २०२३ सालच्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. तिच्या दरवाजाला हँडल होते, ते फिरवले की काच चढत-उतरत असे. हँडलच्या जागी बटण आले, सोय झाली. पण बटणामागे काय आहे हे ठाऊक नसल्यामुळे गॅरेजवाला सांगेल तो आकडा मोजण्याची पाळीही आली.

दरवाजाच्या आत काय असते, ते आधी पाहू. १२ व्होल्टची एक लहान मोटर असते. तिच्या दांड्यावर मळसूत्रासारखे आटे असतात व ते एका दातेरी चाकाला फिरवतात. हे चाक ज्या सांगाड्याला चालवते त्याला गॅरेजमध्ये ‘काचेची मशीन’ म्हणतात. आजच्या बऱ्याच गाड्यांत ही मशीन तारेच्या केबलची असते, काहींत कात्रीसारख्या पट्ट्यांची. मशीनला काच बोल्टने किंवा क्लिपने जोडलेली असते आणि दोन्ही बाजूंच्या रबरी खाचांतून ती सरकते. मोटरच्या आट्यांची गंमत अशी की, मोटर चाकाला फिरवू शकते, पण चाक मोटरला फिरवू शकत नाही. म्हणूनच बंद काच बाहेरून हाताने दाबली तरी खाली जात नाही.

आता तपासणी. काच हलली नाही की मोटर गेली, असे धरून चालू नये. पैसे वाचतात ते इथेच.

एक, चारही काचा बंद पडल्या असतील तर आधी फ्यूज पाहावा. चारही मोटरी एकाच दिवशी सहसा जळत नाहीत. दोन, मागच्या काचा त्यांच्या स्वतःच्या बटणावर चालत नसतील, तर चालकाकडील काच-लॉकचे बटण दाबले गेले आहे का ते पाहावे. पोरांनी दाबलेल्या या बटणापायी गाडी गॅरेजात गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत. तीन, एखादी काच चालकाच्या बटणावर चालत नाही, पण तिच्या स्वतःच्या दरवाजातील बटणावर चालते, तर मोटर चांगली आहे. दोष चालकाकडील बटणांत किंवा तिथल्या वायरिंगमध्ये आहे.

चार, बटण दाबून कान द्यावा. मोटर फिरल्याचा आवाज येतो आणि काच जागची हलत नाही, तर केबल तुटली आहे किंवा काच मशीनवरून सुटली आहे. आवाज नाही, पण दाबताना गाडीतला दिवा मंद होतो, तर मोटरला वीज पोचते आहे, पण ती अडकली आहे. पाच, दरवाजा व खांब यांच्यामध्ये रबरी नळी असते, तिच्यातून तारा दरवाजात जातात. दिवसातून शंभर वेळा उघडणाऱ्या चालकाच्या दरवाजात या तारा तिथेच तुटतात. बटण दाबून ठेवून दरवाजा हळूहळू हलवून पाहावा. मध्येच काच सरकली, तर दोष तारेत आहे. सहा, दाबलेल्या बटणासह दरवाजावर मुठीने हलके ठोकताच मोटर फिरली, तर तिचे कार्बन झिजले आहेत. ती आज चालेल, उद्या नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोटर तापली की स्वतःला बंद करून घेते, अशी सोय बहुतेक मोटरींत असते. पोरांनी काच दहादा खाली-वर केली व ती थांबली, तर थोडा वेळ जाऊ द्यावा. निवली की पुन्हा चालते.

यातून काही निष्पन्न झाले नाही, तर दरवाजाचे पॅड काढावे लागते. गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः हात लावू नये. ज्या गाडीत बाजूच्या एअरबॅग आहेत, तिच्या दरवाजात त्यांचा सेन्सर असू शकतो. ते काम जाणत्या मेकॅनिककडेच द्यावे. बाकी गाड्यांना स्क्रू ड्रायव्हर, दहा नंबरचा पाना व गोटी, चिकटपट्टी, हातमोजे आणि लाकडाची किंवा प्लास्टिकची चपटी पट्टी एवढे साहित्य पुरते. पॅडच्या चार-सहा क्लिपा आधीच आणून ठेवाव्यात, कारण जुन्या क्लिपा तुटतातच.

चावी काढावी, बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. हँडलमागचा व हात टेकवण्याच्या जागेचा स्क्रू लहान झाकणाखाली लपलेला असतो, तो शोधून काढावा. मग पॅड खालच्या कडेपासून पट्टीने उचकटत यावे व शेवटी वर उचलून सोडवावे. लगेच ओढू नये. मागे बटणाचे कपलर आणि हँडलची तार जोडलेली असते. पॅडमागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला दिसेल. तो फाडू नये, सावकाश सोलावा. पावसाचे पाणी गाडीत येऊ न देण्याचे काम हाच कागद करतो.

आता बॅटरी परत जोडून मोटरच्या कपलरवर वीज पाहावी. दोन तारांच्या साध्या मोटरीला बटण एका बाजूला दाबले की १२ व्होल्ट मिळतात, दुसऱ्या बाजूला दाबले की तेच उलट दिशेने. मात्र मीटरवर पूर्ण विसंबू नये. गंजलेली तार मीटरला १२ व्होल्ट दाखवते, पण मोटर फिरवण्याइतकी ताकद देत नाही. त्यापेक्षा इंडिकेटरचा बल्ब लावून पाहावा. बल्ब लख्ख पेटला व तरीही मोटर गप्प असेल, तर मोटर गेली. बल्ब मंद पेटला किंवा पेटलाच नाही, तर नवी मोटर आणूनही काच हलणार नाही. ज्या मोटरीला जास्त तारा असतात, काच एका दाबात आपोआप वर जाते, तिला ही साधी कसोटी लागू पडत नाही.

मोटर घ्यायला जाताना जुनी मोटर सोबत न्यावी. गाडीचे मॉडेल, साल, दरवाजा कोणता आणि कपलरला पिना किती, हे सांगावे. डाव्या दरवाजाची मोटर उजव्याला बसेलच असे नाही. कंपनीचा, बाहेरचा आणि जुना अशा तिन्ही मालांचे भाव विचारावेत. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने भाग मिळतात. पण जुनी मोटर तिथेच बॅटरीवर फिरवून दाखव म्हणावे. गॅरेजात “काका, पूर्ण मशीनच बदलावी लागेल,” असे सांगितले, तर “दादा, केबल तुटली आहे का, दाखवा,” एवढे नम्रपणे विचारावे. केबल विस्कटली असेल, तर मोटरसह मशीन बदलणेच बरे, हेही खरे.

बसवण्याआधी काच सांभाळावी. ती वर ओढून दरवाजाच्या चौकटीवरून दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बांधावी. मोटर सुटली की काच धरून ठेवणारे आटे सुटतात आणि काच धाडकन खाली येते. कात्रीच्या मशीनला ताणलेली स्प्रिंग असेल, तर दातेरी पट्टी बोल्टने किंवा क्लॅम्पने अडकवल्याशिवाय मोटर काढूच नये. तो फटका बोट तोडू शकतो. दरवाजाच्या आतील पत्र्याच्या कडाही सुरीसारख्या असतात, हातमोजे त्यासाठीच.

नवी मोटर बसवली की पॅड लावण्याआधी काच दोन-तीनदा पूर्ण खाली-वर करून पाहावी. ती तिरपी चढत असेल, तर काचेचे बोल्ट सैल करून सरळ करावी. मग कागद नीट चिकटवावा, दरवाजाच्या तळाशी असलेली पाण्याची भोके काडीने मोकळी करावीत आणि पॅड बसवावे. बॅटरी काढल्यामुळे काही गाड्यांत काच आपोआप वर जाणे बंद होते. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवले की ते बहुधा परत येते. नेमकी रीत गाडीच्या पुस्तकात दिलेली असते.

मोटर अकाली का जळते? बहुतेकदा रबर सुकल्यामुळे आणि खाचांत धूळ भरल्यामुळे. काच जड सरकते, तिचा भार मोटरवर पडतो. महिन्यातून एकदा खाचा पुसून सिलिकॉनचा फवारा मारावा. ऑईल किंवा ग्रीस रबराला लावू नये. रबर फुगते व धूळ धरते. काच वर टेकल्यावर बटण दाबून धरू नये.

शेवटी घरच्यांसाठी दोन शब्द. मूल गाडीत असताना काच-लॉक लावावे आणि चावी गाडीत ठेवून उतरू नये. लहानग्याची मान किंवा बोटे काचेत सापडली, तर मोटरची ताकद पुरेशी घातक असते.

२६ जुलै २००५ चा दिवस मुंबईकर विसरलेले नाहीत. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पाण्यात काही माणसे गाडीतच अडकून मेली; दरवाजे उघडेनात, काचा उतरेनात. पाणी गाडीभोवती चढू लागले, तर सामानाचा विचार न करता वीज चालू आहे तोवर काच खाली करावी आणि बाहेर पडावे. काच अडलीच, तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर टोकदार हातोडीने घाव घालावा. पुढची मोठी काच थरांची असते, तिच्यावर वेळ दवडू नये. अशी छोटी हातोडी चालकाच्या हाताशी असावी, डिकीत नव्हे.

ज्या मुला-मुलींना अशा कामाची आवड आहे, त्यांच्यासाठी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि दहावी झालेल्यांना तो घेता येतो. बापाच्या टॅक्सीचा दरवाजा मुलीने उघडून दुरुस्त केला, तर एका दिवसाची मजुरी वाचेल. शिवाय पुढच्या वेळी गॅरेजवाल्याने आकडा सांगितला, की तो खरा की खोटा हे त्या घराला कळेल.