तापमान कोणी लिहायचे?

‘ट्रिस बफर, पीएच ८.०.’ शोधनिबंधातल्या ‘साहित्य आणि पद्धती’त ही ओळ हमखास सापडते. प्रयोगशाळेतल्या बाटलीवरही तीच. हा पीएच कोणत्या तापमानाला मोजला, हे मात्र बहुतेक ठिकाणी लिहिलेले नसते.

ट्रिसच्या बाबतीत ही चूक किरकोळ नाही. तापमान १ अंशाने वाढले, की त्याचा पीएच सुमारे ०.०२८ने उतरतो, घटले की तेवढाच चढतो. २५ अंशांना ८वर आणलेला ट्रिस ४ अंशांना ८.६च्या घरात जातो. हायड्रोजन आयन जवळपास चौथाईवर येतात. प्रथिने वेगळी करण्याचे काम तर बर्फावरच चालते. म्हणजे वहीत एक पीएच, नळीत दुसरा. त्यात हे २५ अंशही पुस्तकातले. मे महिन्यात नागपुरात, एसी नसलेल्या खोलीत, मीटरपुढचा बीकर ३५ अंशांवर असला तर नवल नाही. तिथे ८वर आणलेला ट्रिस फ्रिजमध्ये ८.९ होतो.

मीटरमध्ये ‘तापमान भरपाई’ असते, हे उत्तर ठरलेले. ती भरपाई इलेक्ट्रोडपुरती. तोच बफर थंड झाल्यावर काय करील, हे ती सांगत नाही.

यात नवे काहीच नाही. नॉर्मन गुड आणि सहकाऱ्यांनी १९६६ साली जैविक प्रयोगांसाठी बफरांची यादी दिली, तेव्हा तापमानाचे हे आकडेही तक्त्यात मांडले होते. त्या यादीतला हेपेस ट्रिसच्या निम्म्याने हलतो. फॉस्फेट तर जेमतेम एक दशांश; पण कॅल्शियम असले की त्याचा साका बसतो. ट्रिस स्वस्त आहे, म्हणून तो टिकला. त्याला हरकत नाही. एन्झाइम विकणाऱ्या कंपन्या आपल्या बफरच्या माहितीपत्रकात ‘२५ अंशांना’ असे छापतात. विक्रेत्याला जे सुचते, ते संशोधकाला सुचू नये?

दुसऱ्या प्रयोगशाळेत निकाल जुळला नाही, की आधी एन्झाइमच्या नावाने खडे फोडले जातात, मग विद्यार्थ्याच्या हाताच्या. बफरकडे कोणी बघत नाही, कारण त्याच्यावर ‘८.०’ लिहिलेले असते.

प्रबंधावर सही करण्यापूर्वी मार्गदर्शकांनी आणि निबंध स्वीकारण्यापूर्वी परीक्षकांनी एवढेच विचारावे: पीएच ८.०, पण किती अंशांना? उत्तर आले नाही, तर कागद परत पाठवावा.