विश्लेषण : कृष्णधवल फोटो हिरवट का छापला जातो?

घरातला जुना कृष्णधवल फोटो स्कॅन करून मोठा छापून घेतला की अनेकदा तो हिरवट नाही तर जांभळट दिसतो. दोष शाईला दिला जातो आणि करडी शाई असलेला महागडा प्रिंटर घेण्याचा सल्ला मिळतो. हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. करडी शाई हवीच, पण कागदाचे प्रोफाइल नसेल तर तिच्यावरचा खर्च बराचसा वाया जातो.

करड्यात रंग कुठून येतो?

चार शायांच्या साध्या इंकजेटमध्ये फिकट करडी छटा काळ्या शाईच्या विरळ ठिपक्यांनी छापली तर ती रवाळ दिसते. म्हणून प्रिंटर सायन, मॅजेंटा आणि पिवळी शाई मिसळून करडा रंग तयार करतो. त्यातली एखादी थोडी जास्त झाली की रंगाची झाक येते. तीच प्रिंट ट्यूबलाइटखाली वेगळी आणि उन्हात वेगळी दिसू शकते.

करड्या शाईने काय साधते?

एप्सनने 2005 मध्ये ‘अल्ट्राक्रोम के3’ शायांत काळ्याच्या तीन पातळ्या आणल्या : काळी, फिकट काळी आणि अतिफिकट काळी. आता एप्सन एल8180 आणि कॅनन जी570 या टाकीवाल्या प्रिंटरमध्येही एक करडी शाई असते. त्यामुळे रंगीत शायांवरचा भार कमी होतो, पण संपत नाही. कार्बनची काळी शाई पातळ केली की किंचित तपकिरी दिसते. ती सावरायला थोडा रंग लागतोच.

मग प्रोफाइल कशासाठी?

प्रोफाइल म्हणजे प्रिंटर, शाई आणि कागद या तिघांच्या जोडणीचा नकाशा. यातले एक बदलले तरी नकाशा चुकतो. मॅट कागदावरचा काळा ग्लॉसीइतका गडद होत नाही. मूळ शाईऐवजी स्वस्त ‘कम्पॅटिबल’ शाई भरली, तर कंपनीचे प्रोफाइल निरुपयोगी ठरते.

एप्सनच्या काही प्रिंटरमध्ये कृष्णधवलसाठी खास मोड असतो. त्यात शायांचे मिश्रण ड्रायव्हर ठरवतो, नेहमीचे रंगीत प्रोफाइल लागत नाही. म्हणून ‘आता प्रोफाइल कशाला?’ असे म्हटले जाते. ते पटण्यासारखे नाही. या मोडमुळे रंगाची झाक आटोक्यात येते, पण प्रत्येक कागदावर काळ्या कोटाच्या घड्या किंवा केसांतला तपशील टिकेलच असे नाही. त्यासाठी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 21 पायऱ्यांची पट्टी छापून, मोजून त्या कागदाचे करडे प्रोफाइल बनवावे लागते. ‘क्वाडटोनआरआयपी’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय आहे. मोजणीचे यंत्र नसेल तर पट्टी नुसती पाहिली तरी कोणत्या गडद पायऱ्या एकमेकींत मिसळल्या ते कळते.

करायचे काय?

स्टुडिओने एक-दोनच कागद ठरवावेत आणि त्यांचीच प्रोफाइल नीट करून घ्यावीत. रंगांचे नियंत्रण फोटोशॉपकडे किंवा ड्रायव्हरकडे, एकाकडेच ठेवावे. दोन्हीकडे चालू राहिले तर दुरुस्ती दोनदा होते आणि फोटो बिघडतो.

ग्राहकानेही ऑर्डर देताना विचारावे : ‘या कागदाचे आणि या शाईचे प्रोफाइल तुमच्याकडे आहे का?’ आधी छोटी प्रिंट मागावी आणि ती दुकानाबाहेर उजेडात पाहावी. भिंतीवर वर्षानुवर्षे राहणाऱ्या फोटोसाठी एवढा आग्रह धरायला हरकत नाही.